तुमच्या व्हीसी-१० चं पुढे काय झालं

वास्को

प्रिय आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, बहरीनच्या विमानतळावर तुम्ही ज्यांत सामान चढवायचात, ती गल्फ एअरची व्हीसी-१० प्रवासी विमानं भंगारात गेली असं तुम्ही नेहमी म्हणता. तशी ती गेली नाहीत, निदान लगेच तरी नाहीच. त्यांतली पाच ब्रिटिश हवाई दलाने घेतली आणि त्यांचे टँकर केले, म्हणजे उडता उडता लढाऊ विमानांना इंधन पाजणारी विमानं.

आता खास तुमच्या कामाचं सांगते. खुर्च्या उपटून केबिनमध्ये इंधनाच्या पाच टाक्या बसवायच्या होत्या. पण या विमानांना वरच्या मजल्यावर मोठं कार्गोचं दार नव्हतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! मग काय, छत कापलं, टाक्या वरून आत सोडल्या आणि छत पुन्हा बंद केलं. ईस्ट आफ्रिकन एअरवेजची चार सुपर व्हीसी-१० सुद्धा अशीच घेतली होती. त्यांना पुढे मोठं दार होतं, त्यामुळे त्यांचं निभावलं. प्रत्येक टँकरला तीन पाइप, पंखांखाली एकेक आणि मागे पोटाखाली एक. पाइपच्या टोकाला टोपलीसारखं काहीतरी वाऱ्यात डोलत असतं. मागून येणाऱ्या वैमानिकाने आपल्या विमानाची नळी त्यात नेमकी घुसवायची. आमच्या डोक्यावरून घोंगावत जाणाऱ्या नौदलाच्या मिग-२९के ला तशीच नळी आहे, गरजेपुरती बाहेर येते.

१९८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळावर १०१ स्क्वाड्रन ही तुकडी या टँकरवर पुन्हा उभी राहिली. १९९१ च्या युद्धात व्हीसी-१० टँकर परत आखातातच उडाले. शेवटचा निवृत्त झाला २०१३ मध्ये. तुमच्यानंतर!

आई, तू म्हणशील, खाली उतरून भरलं तर काय बिघडतं? अगं, शस्त्रं लादलेल्या विमानाला जमिनीवरून उठतानाच वजनाची मर्यादा असते. म्हणून इंधन थोडं कमी घेऊन उडायचं आणि वर गेल्यावर पोटभर घ्यायचं. शिवाय वाटेतले थांबे वाचतात. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल फ्रान्सहून अंबाल्याला आली, ती वाटेत अमिरातीत एकदाच थांबून. त्यांना हवेत इंधन दिलं ते फ्रेंचांच्या एअरबस ए३३० टँकरने. मला ते डिझाइन सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. त्याच्या मूळच्या टाक्यांतच १११ टन इंधन मावतं, केबिनला हात लावावा लागत नाही, त्यामुळे माणसंही नेता येतात. छत कापणं वगैरे भानगडच नाही.

आपल्या हवाई दलाची इल्युशिन-७८ मात्र मालवाहू विमानावरून बनलेली आहेत, प्रवासी विमानावरून नव्हे. प्रवासी विमानांचे टँकर इथेच करण्यासाठी एचएएलने, म्हणजे आपल्या सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, २०२२ मध्ये इस्रायली कंपनीशी करार केला. करार झाला म्हणजे विमान झालं असं नसतं, हे बाबांना सांगायला नको.

चवथीला दोन दिवस आधीच येते. माटोळीचं सामान आणायला बाबांना एकट्याला पेडण्याच्या बाजारात पाठवू नकोस, मी आल्यावर जाऊ. आणि गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आत्ताच फोन कर, इथून घेऊन येईन.

तुमची,
थोरली