व्याख्यानाला परवानगी नाकारायची तर कारण लेखी द्या

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही जण विज्ञान, धर्म आणि समाज या विषयांवर जाहीर व्याख्यानं ठेवतो. बोलायला प्राध्यापक, डॉक्टर, वकील येतात, कधी कीर्तनकारही. हल्ली पत्रिकेवर ‘चमत्कार’ किंवा ‘धर्मचिकित्सा’ असा शब्द दिसला की आधी सभागृहवाल्यांचा फोन येतो, त्या दिवशी हॉल मिळणार नाही म्हणून. दुसरी जागा शोधावी तर पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १४९ ची, नोटीस येते: अनुचित प्रकार घडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल. कार्यक्रम उधळून लावू म्हणणारा निवेदन देऊन मोकळा होतो आणि सतरंज्या घालणारा जबाबदार ठरतो. हा कुठला न्याय?

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं गावोगाव सभा घेत फिरले, त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांचंही आयुष्य लोकांसमोर उभं राहून बोलण्यात गेलं. त्यामुळे पोलिसांना वक्त्याची काळजी वाटते हे आम्ही समजू शकतो. पण काळजी असेल तर बंदोबस्त द्या. सभाच होऊ न देणं म्हणजे धमकी देणाऱ्याचं काम सोपं करणं.

आम्ही श्रद्धेवर घाला घालतो, असा आरोप होतो. याच कायद्यात हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना धक्का लागणार नाही असं स्पष्ट कलम आहे. नवस करू नका, देवापुढे बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबा भर कीर्तनात सांगत. आज ते आमच्या गावी आले असते तर त्यांच्याकडूनही हमीपत्र लिहून घेतलं असतं का?

या सभांमध्ये काय होतं, तेही ऐका. करणीचा नारळ पेटवून दाखवला जातो. शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो, वर पाणी शिंपडलं की जाळ होतो. पोरं टाळ्या वाजवतात. पण खरी सभा सुरू होते आभार मानून झाल्यावर. अशाच एका कार्यक्रमानंतर एक बाई सगळे जाईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सरकवला. मानेपर्यंत जट. “कापली तर पोरांवर काही येईल का?” एवढंच विचारलं. डॉक्टरबाईंनी जट हातात घेतली, केस न विंचरल्याने कसे गुंततात, मळ कसा साठतो, मान का दुखते, ते सावकाश समजावलं. त्या बाई पोलीस ठाण्याची पायरी कधीच चढल्या नसत्या. जटेची गोष्ट घरातही उघड बोलायची सोय नसते.

जादूटोणाविरोधी कायद्यात पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आमच्याकडे तो कोण, हे दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही. त्याला आमच्या व्याख्यानाला पाठवा. नोटीस घेऊन नको, वक्ता म्हणून यावं. तक्रार कुठे करायची, नाव गुप्त राहील का, मांत्रिक गावातलाच असेल तर काय, हे बायका त्याला तिथे विचारतील. भोंदूला अटक झाल्यावर पत्रकार परिषद घेण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं काम होईल.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे घटनेच्या कलम ५१ क प्रमाणे नागरिकांचं कर्तव्य आहे. ते करणाऱ्याला आपल्या खात्याने निदान आरोपीसारखं वागवू नये. परवानगी नाकारायची तर कारण लेखी द्यावं आणि ते सात दिवस आधी द्यावं. नोटीस बजावायची तर धमकी देणाऱ्यावर बजावावी. असं परिपत्रक सर्व पोलीस ठाण्यांना पाठवावं, ही विनंती.

येत्या २० ऑगस्टच्या व्याख्यानाचा अर्ज आम्ही ठाण्यात दिला आहे. पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
व्याख्यानांचा एक संयोजक