नंदू, आधी रक्त तपासून घे

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, ‘अण्णांच्या माराची भीती मनात बसलीय, ती एकदा उकलली की धडधड थांबेल.’ वहिनी शेजारीच होत्या म्हणून मी फार बोललो नाही.

अण्णांचा मार खोटा नाही, मीही पाहिलाय. पण आधी थायरॉइडची रक्ततपासणी कर. ईसीजी नॉर्मल आला म्हणून शरीरात काहीच बिघाड नाही असं नाही. थायरॉइड जास्त चालू लागली की छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, वजन उतरतं, आणि माणूस मनालाच दोष देत बसतो. शिवाय तुझा तो रात्रीचा चहा! तो तर आजच बंद कर.

रिपोर्ट नीट आला तर पुढचं ऐक. भीती कुठून आली आणि आज कशावर जगतेय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मीटिंगमध्ये बोलायचं असलं की तू पोट बिघडल्याचं सांगून घरी राहतोस. लगेच हायसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. गेलो असतो तर काही बिघडलं नसतं, हे कळायची वेळच येत नाही.

अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचा. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बाई दिसली की जाऊन बोलायचंच, असं त्यानं ठरवलं. पुढे तो स्वतःच सांगायचा: १३० जणींजवळ गेलो, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोललो, भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. पण भीती गेली! १९५५ मध्ये त्यानं विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं म्हणणं असं की प्रसंगापेक्षा त्यामागचा आपला हट्ट जास्त छळतो. सगळ्यांना माझं बोलणं पटलंच पाहिजे, नाही पटलं तर मी कवडीमोल, हा तुझा हट्ट.

एलिसचं सगळंच मला पटत नाही. भाडं थकलेल्या माणसाला ‘विचार बदल’ म्हणणं म्हणजे थट्टाच. तुझं तसं नाही, नोकरी शाबूत आहे.

अण्णांबद्दल बोलायचंच असेल तर समुपदेशकाकडे जरूर बोल. रात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ वर फोन लाव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आणि मराठीतही. आणि पुढच्या मीटिंगला जा. दोनच वाक्यं बोल, कागदावरून वाचलीस तरी चालेल.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या