चुलीच्या धुराचा रकाना कुठं आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक सीओपीडी दिनाच्या निमित्तानं आपल्या पुरवणीत फुप्फुसांच्या या आजारावर (यात श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात आणि दम लागतो) आलेला लेख वाचला. लेख बरा होता, चित्र मात्र नेहमीचंच: दोन बोटांत सिगारेट धरलेला पुरुष. मला हा आजार आहे. वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि विडी कधी हातातसुद्धा धरली नाही. तोंडाला लावली ती फुंकणी.

आमच्या खटाव तालुक्यात झाडी बेताचीच. जळण म्हणजे तुरकाट्या, बाभळीच्या काटक्या आणि शेणी. पावसाळ्यात शेणी सर्द व्हायच्या, मग जाळ कमी आणि धूर फार. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही गोठ्याच्या बाजूला. आढं इतकं काळंकुट्ट झालेलं की दिवाळीच्या साफसफाईतही त्याच्या वाटेला कुणी जात नसे. बाराव्या वर्षी भाकरी थापायला बसले, ते १९९८ साली घरात गॅस येईपर्यंत. शाळा साडेदहाची, म्हणून सकाळी दोन तास चुलीपुढं आणि संध्याकाळी पुन्हा दोन. गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी कित्येक वर्षं लाकडावरच तापायचं, पण तो हिशेब सोडून देते.

दम लागायला लागला तेव्हा सगळ्यांनी दमाच म्हटलं. थंडीत सुई, एरवी गोळ्या. साताऱ्याला फुप्फुसांची तपासणी झाली ती २०१९ साली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोरचा पोरगा ओरडतोय, “फुंका आजी, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून!” मला हसूच आलं. जन्मभर हेच तर केलं होतं. हसल्यामुळं पहिली फुंक वाया गेली. औषधाचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं. आत घेतलेल्या हवेतली शंभरातली सत्तर तरी पहिल्या सेकंदात बाहेर पडायला हवी, असं त्यानं सांगितलं. पंप घेऊनही माझी एकावन्नच पडली. म्हणजे दमा नव्हे, सीओपीडी.

आता मुद्द्यावर येते. पुण्यात एका ठिकाणी या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू असल्याचं नातीनं सांगितलं. ती बी.फार्म.ला आहे. मुलाचा विरोध होता, “आई, तुला काय उंदीर समजतात का?” त्याला समजावलं की अशी चाचणी सरकारी नोंदणीशिवाय करताच येत नाही, एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित जपणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आपल्या भाषेत संमतिपत्र द्यावं लागतं आणि चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा नियम आहे. वडूजहून पहाटेच्या एसटीनं निघालो. समोरचा तरुण डॉक्टर अतिशय सौजन्यानं बोलला. नाव, वय, वजन, फुंकण्याचा कागद, सगळं लिहून झालं. मग “धूम्रपान?” मी म्हटलं, “नाही.” पेन थांबलं.

“आजी, तुम्ही यात बसत नाही.”

“अहो, चार तास एसटीत बसूनच आलेय.”

तो हसला, पण नियम नियमच. रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-इयर होतं, तशी किमान दहा हवीत. दिवसाला बंडलभर बिड्या ओढणारे आमचे भाऊजी त्या तक्त्यात ऐसपैस बसले असते. “आणि चुलीपुढं किती वर्षं काढली?” हे विचारायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

हा एका केंद्राचा दोष नव्हे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. नियम बाहेरून ठरून येतात. मी रोज सकाळी श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या टायोट्रोपियम या औषधाची जी कॅप्सूल यंत्रात घालून ओढते, तिची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ५,९९३ रुग्ण, ३७ देश, चार वर्षं. फुप्फुसांची घसरण त्या औषधानं थांबली नाही, पण आजार उसळण्याचं प्रमाण घटलं आणि जगणं सुसह्य झालं. माझाही अनुभव तोच. पण त्या चाचणीत जवळजवळ पाऊण हिस्सा पुरुष, आणि दहा पॅक-इयरची अट होतीच. २००७ साली आलेल्या, स्टेरॉइड आणि सालमेटेरॉल (हेही नळ्या मोकळ्या करणारं औषध) एकत्र देणाऱ्या इनहेलरच्या मोठ्या चाचणीतही तीच अट. म्हणजे औषध तपासलं ओढणाऱ्यांवर, आणि घेतेय मी.

यानं काय बिघडलं, असं कुणी विचारील. मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी लाकडाच्या धुरानं आजारी पडलेल्या बायका आणि सिगारेटनं आजारी पडलेले लोक वर्षानुवर्षं तपासले. पहिल्या सेकंदात बाहेर फुंकली जाणारी हवा सिगारेटवाल्यांची वर्षाला सरासरी ४२ मिलिलीटरनं घटत होती, धूरवाल्या बायकांची २३ नं. सिगारेटनं फुप्फुसांची जाळी, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, फाटते तशी आमची फारशी फाटत नाही, आमच्या बारीक नळ्या जाड आणि अरुंद होतात. मग जे औषध फाटलेल्या जाळीवाल्यांत पारखलं, ते आमच्या नळ्यांना तितकंच लागू पडेल कशावरून? पडत असेलही. पण ते तपासून कळायला हवं, गृहीत धरून नव्हे.

अट घालण्यामागचं कारण त्या डॉक्टरनं सांगितलं, तेही खोटं नाही. न ओढणाऱ्याला दम लागत असेल तर तो जुना दमा असण्याची शक्यता असते, आणि दमेकरी मिसळले की औषधाचा निकाल गढूळ होतो. मान्य. पण मग लहानपणापासूनची दम्याची कहाणी नीट विचारा, पंप देऊन पुन्हा फुंकायला लावा, रक्त तपासा, सीटी स्कॅन काढा. सगळ्या बायकांना दारातूनच परत पाठवणं हा त्यावरचा सोपा उपाय झाला, बरोबर नव्हे. आणि धूर मोजता येत नाही म्हणावं तर मेक्सिकोवाल्यांनी १९९६ सालीच मोजून दाखवला आहे: रोजचे तास गुणिले वर्षं. माझे चार गुणिले एकोणतीस, ११६ तास-वर्षं. तिसरीच्या पोरालाही जमेल असं गणित आहे.

बरं, हे सगळं आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही असंही नाही. पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या आसपास, आणि लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे तीनशे कोटी, हे त्याच्या सारांशातच आहे. भारतात २०१६ साली या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्या आजारपणाचा निम्म्याहून अधिक भार हवेच्या प्रदूषणाकडं जातो, घरातला धूर त्यातच आला. तंबाखूकडं जातो सुमारे चौथा हिस्सा. आपण चाचण्यांत बसवतो मात्र तो चौथा हिस्सा.

मला चाचणीत जायची हौस का, असं घरचे विचारतात. त्याचं कारण आमच्या जाऊबाई. त्या शेवटची तीन वर्षं ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाचे किमान पंधरा तास नळी नाकात हवी. लाइट गेली की आमची पळापळ. पंधराच का, दहा का नाहीत, म्हणून त्या कुरकुरायच्या. मी नातीला शोधायला लावलं. १९८१ साली इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ८७ रुग्णांवर चाचणी झाली. ४२ जणांना रोज पंधरा तास ऑक्सिजन दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्यांतले १९ गेले, दुसऱ्यांतले ३०. मी हे जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ज्यांना नाही दिला त्यांच्यामुळं मला मिळतोय की गं.” त्यानंतर नळी काढायचा हट्ट त्यांनी कधी केला नाही.

त्या ८७ जणांत २१ बायका होत्या. आमच्या आजाराच्या चाचणीत आमच्या भागातल्या २१ तरी असाव्यात, एवढंच म्हणणं आहे. महाराष्ट्रातल्या एथिक्स कमिट्यांनी सीओपीडीच्या चाचणीला मंजुरी देताना एक प्रश्न विचारावा: धूम्रपानाची अट कशासाठी, आणि चुलीचा रकाना कुठं आहे? विद्यापीठांनी आणि सरकारनं स्वतःच्या पैशातून निदान एक चाचणी केवळ धूरवाल्या बायकांची करावी, औषध कंपन्यांची वाट बघत बसू नये. आणि फुंकायचं यंत्र ग्रामीण रुग्णालयात असावं, म्हणजे माझ्यासारख्यांची दम्याच्या नावाखाली वर्षं जाणार नाहीत.

आपल्या पुढच्या लेखाला चित्र लागलं तर आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवीन. आढं अजून तसंच आहे.

त्या तरुण डॉक्टरनं माझा मोबाइल नंबर वहीत लिहून घेतलाय, नियम बदलले तर कळवतो म्हणाला. फोन सकाळी अकरानंतर करावा. त्याआधी बोलण्याइतका दम जुळलेला नसतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा