श्रीखंडे शिकवायचे तर २२ पासून

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

गणित मंडळाच्या मुलांना गणिती शरदचंद्र श्रीखंडे सांगायचेत ना, मग जन्मसालापासून सुरुवात करू नकोस. आधी फळ्यावर नऊ घरं काढ. पहिली ओळ १क, २ख, ३ग. दुसरी २ग, ३क, १ख. तिसरी ३ख, १ग, २क. आडवं-उभं कुठेच अंक किंवा अक्षर पुन्हा येत नाही आणि नऊही जोड्या वेगळ्या. युक्ती एवढीच, की दर ओळीला अंक एक घर डावीकडे सरकवायचे आणि अक्षरं दोन घरं.

आता हेच सहा बाय सहाच्या चौरसावर करायला लाव. अंक बसतील, पण अक्षरं चौथ्या ओळीत सहा घरं सरकून थेट पहिल्या ओळीसारखी येतील. कुठल्याही सम संख्येला ही युक्ती अशीच अडते. चारच्या पटींसाठी अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितीकडे दुसरी वाट होती. २, ६, १०, १४ अशांचा चौरस होतच नाही, असं त्याने १७८२ साली मांडलं. तारी नावाच्या फ्रेंच माणसाने १९०१ मध्ये सहाचं खरं असल्याचं दाखवलं.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौरस बांधला, म्हणजे ऑयलर जो होतच नाही म्हणाला होता त्यातलाच एक. मुलांना खरी गोडी इथे लागेल, तेव्हा घाई करू नकोस. पंधरा मुली सात दिवस रोज तिघी-तिघींनी जातात आणि कुठल्याही दोघी आठवड्यात एकदाच एकत्र येतात, हे जुनं कोडं घे. दर दिवसाला एक नवी मुलगी दे. ती त्या दिवसाच्या पाचही गटांत जाते. झाले चौघींचे ३५ गट. सात नव्यांचा आपसात आणखी एक. आता २२ जणींतली कुठलीही जोडी नेमकी एकाच गटात सापडते. प्रत्येक मुलगी म्हणजे मोठ्या चौरसाची एक ओळ आणि एक स्तंभ. चार आणि सातचे चौरस होतातच, ते गटागटाने, त्या-त्या मुलींच्या ओळी-स्तंभांत बसवायचे. पथ्य एकच: कर्णावरचं घर अनेक गटांच्या वाट्याला येतं, म्हणून तिथे प्रत्येक छोट्या चौरसाने तीच जोडी ठेवायला हवी. हे चुकलं की सगळं फिसकटतं.

पुढे पार्कर या अमेरिकी गणितीने दहाचा काढला, आणि तिघांनी मिळून २ व ६ सोडून ऑयलरचं सगळं अनुमान मोडलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एप्रिलमध्ये ते पहिल्या पानावर छापलं.

बाकी थोडक्यात सांग: १९१७ साली सागरला जन्म, १९५० मध्ये चॅपेल हिलला बोसांकडेच डॉक्टरेट, मग मुंबई विद्यापीठात गणिताचं विभागप्रमुखपद, २०२० मध्ये १०२ व्या वर्षी निधन. त्यांच्या नावाचा आलेख, म्हणजे बिंदू रेषांनी जोडलेलं जाळं, मात्र वगळू नकोस. बिंदू १६, प्रत्येकाला सहा शेजारी (रेषेने जोडलेले बिंदू), आणि कुठल्याही दोन बिंदूंना सामाईक शेजारी बरोब्बर दोन. त्याला निदान एक तास राखून ठेव.

तुझा,
अनंत