निकाल गावभर, उत्तरपत्रिका मात्र कपाटात

मा. संपादक,
स. न.

निकालाचे दिवस आले की वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाइल फिरू लागते. बैठक क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, मोबाइल, प्रवर्ग, विषयवार गुण, सगळे एका ओळीत. कोणाची एटीकेटी लागली हे घरी कळण्याआधी सोसायटीत कळते. त्याच विद्यार्थ्याने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागितली, तर खिडकीवर उत्तर मिळते, ‘ते गोपनीय असतं.’

कायदा नेमका याच्या उलट सांगतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीचा हक्क तर त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच मान्य केला आहे.

माहिती फुटते त्यात बहुतेकदा हॅकर वगैरे कोणी नसतो. शिष्यवृत्तीची यादी करताना मूळ शीटमधले आधार आणि बँक खात्याचे कॉलम ‘हाइड’ करून फाइल तशीच पुढे पाठवली जाते. शेजारचे दोन कॉलम निवडून ‘अनहाइड’ केले की सगळे उघडे. पीडीएफमधल्या आकड्यांवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो. तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की स्वच्छ वाचता येतो. प्रसिद्ध करायच्या यादीसाठी कोरी शीट घ्यावी, लागतील तेवढेच कॉलम त्यात आणावेत आणि मग पीडीएफ करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

निकालाच्या पोर्टलची गत वेगळी नाही. बैठक क्रमांक ओळीने दिलेले आणि पासवर्ड म्हणजे जन्मतारीख! वाढदिवसाच्या केकचे फोटो ज्या ग्रुपवर पडतात, तिथे हा पासवर्ड काय कामाचा? काही पोर्टलवर गुणपत्रिकेच्या लिंकमध्येच बैठक क्रमांक असतो. शेवटचा आकडा बदलला की शेजारच्याची गुणपत्रिका उघडते, कारण लॉगिन कोणाचे आणि मागितलेली गुणपत्रिका कोणाची, हे सर्व्हर जुळवूनच पाहत नाही. एजन्सीकडून सॉफ्टवेअर ताब्यात घेताना दोन खात्यांवरून एवढी एक चाचणी केली तरी हे लक्षात येते.

आधारबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्येच कळवले आहे की पदवी किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पूर्ण आधार क्रमांक छापू नये. तरी प्रत्येक फॉर्मला आधारची झेरॉक्स जोडायची सवय सुटत नाही. विद्यार्थ्यांनी ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून तेच द्यावे. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

मात्र खासगीपणाच्या नावाखाली प्रवेशाची गुणवत्ता यादीच झाकून ठेवणे आम्हाला मान्य नाही. अर्ज क्रमांक, गुण, गुणानुक्रम आणि कोणत्या प्रवर्गातून जागा मिळाली, एवढे उघड असलेच पाहिजे. नाहीतर वशिल्याला मोकळे रान. मोबाइल, पत्ता आणि जन्मतारीख यांचे त्या यादीत काहीच काम नाही. निकाल लागताच परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचे फोन सुरू होतात, त्यांना नंबर कोण देते याचा शोध अशा याद्यांपासूनच सुरू करावा.

आता उत्तरपत्रिकेविषयी. ती माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून मागता येते. आमचे वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ राज्य विद्यापीठ असल्याने माहिती अधिकाराच्या अर्जाला गुजरातचे नियम लागतात: अर्जाचे शुल्क २० रुपये, प्रत ए-फोर पानाला २ रुपये. अर्ज विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. कायद्याप्रमाणे तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा लागतो. तेव्हा इथल्या दांडिया बाजारात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तो गुजराती, हिंदी वा इंग्रजीतच लिहावा; मराठी अर्ज परत आला तर बोल कोणाला लावणार?

अर्ज फसतात ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. ‘मला कमी गुण का दिले?’ याला उत्तर देण्याची सक्ती नाही, कारण कायद्याने नोंद मागता येते, खुलासा नाही. ‘अमुक महिना-वर्षाच्या परीक्षेतील, अमुक विषय संकेतांकाच्या माझ्या उत्तरपत्रिकेची, प्रश्नवार गुणांच्या पानासह, प्रमाणित प्रत द्यावी’ असे लिहावे. बैठक क्रमांक द्यावा, ओळखपत्राची प्रत जोडावी. कारण सांगावे लागत नाही. कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. सही विद्यार्थ्याचीच हवी. वडिलांनी स्वतःच्या नावे अर्ज केला, तर ती तिसऱ्याची माहिती ठरते आणि नकार मिळतो. परीक्षकाचे नाव व सही झाकून प्रत मिळेल, त्यावरून वाद घालू नये. फेरतपासणीची मुदत वेगळी चालते. माहिती अधिकाराचा अर्ज केला म्हणून ती थांबत नाही, तेव्हा तो फॉर्म वेळेत भरून ठेवावा.

आणि हे सगळे निकालानंतर लगेच करावे. उत्तरपत्रिका नियमाने ठरलेल्या मुदतीपर्यंतच जपून ठेवल्या जातात, त्यानंतर त्या रद्दीत जातात; २०११च्या निर्णयानेही हा हक्क त्या मुदतीपुरताच मानला आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर त्यापुढच्या ३० दिवसांत विद्यापीठातल्याच प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही काम झाले नाही तर ९० दिवसांत गांधीनगरच्या गुजरात माहिती आयोगाकडे अपील करावे. अपील चालू असेपर्यंत उत्तरपत्रिका नष्ट करू नये, हे पहिल्याच अर्जात लिहून टाकावे.

पालकांना हे रुचणार नाही, पण मुलगा अठराचा झाला की त्याची हजेरी आणि गुण विचारायला थेट विभागप्रमुखांना फोन करण्याची रीत सोडावी लागेल. वडोदऱ्याहून मुले अमेरिकेला पाठवणाऱ्यांना हा धडा तिकडे मिळतोच. तिथल्या १९७४च्या कायद्यानुसार विद्यापीठात गेलेल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदींवर त्याचाच हक्क असतो. अमेरिकी करविवरणात तो अवलंबून दाखवलेला असणे, यांसारखे अपवाद सोडले तर त्याच्या लेखी संमतीवाचून आईवडिलांना गुण कळवता येत नाहीत. आणि स्वतःच्या नोंदी त्याने मागितल्या तर संस्थेने ४५ दिवसांच्या आत दाखवल्या पाहिजेत.

आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि तक्रारीचा हक्क त्यात आहे, पण ही मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहिती नाकारण्याविषयीचे कलम ८(१)(ञ) मात्र या नव्या कायद्याने लगेच बदलले आणि नकार द्यायला सोपे करून ठेवले. हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. विद्यार्थ्याला त्याचीच माहिती नाकारायला हे कलम कोणी पुढे केले, तर अपिलात २०११चा निर्णय दाखवावा. दुसऱ्याविषयीची माहिती हवी असेल, तर व्यापक सार्वजनिक हिताचे कलम ८(२) अजून शाबूत आहे.

मे २०२७ची वाट पाहायचे कारण नाही. येत्या सत्राच्या निकालाआधी परीक्षा विभागांनी जन्मतारखेचा पासवर्ड काढून नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी द्यावा, वर्गवार एक्सेल फाइली पाठवणे बंद करावे आणि उत्तरपत्रिका किती दिवस ठेवल्या जातात ती मुदत निकालाच्याच पानावर छापावी.

– विद्यापीठीय परीक्षांच्या कामाशी संबंधित काही वाचक, वडोदरा
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)