ह्यांचा प्रश्न पूर्ण होऊ दिलास म्हणून

प्रिय मुली,

तुझं नाव इथे लिहीत नाही. न्यू जर्सीत कॅन्सर विभागात फार्मासिस्ट असलेली, मला पहिल्याच भेटीत ‘काकू’ म्हणालेली नाशिकची मुलगी, एवढं पुरे. तुला कळेल.

ह्यांना मायलोमा आहे, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. परवा ह्यांचे रिपोर्ट आले. कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात ते एम प्रोटीन निम्म्याहून खाली उतरलंय. डॉक्टरांचे आभार तिथल्या तिथे मानले. तुझे मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

आधी एक गरळ ओकून घेते. मायलोमाच्या दोन उपचारांनी हात टेकल्यावर सेलिनेक्सॉर हे औषध सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत हे बोलता बोलता अडखळायला लागले. ताट समोर आलं की मान फिरवायची. कुठल्या खोलीत कशाला आलो तेच आठवायचं नाही. आम्ही तेव्हा जिथे जात होतो तिथे विचारलं तर उत्तर एकच: वय झालं. अहो, महिन्यापूर्वी शब्दकोडी सोडवणारा माणूस असा एकाएकी म्हातारा होतो का? वर सल्ला, पाणी भरपूर पाजा, मीठ कमी करा. आणि हे सगळं माझ्याकडे बघून. शेजारी बसलेला पेशंट जणू खुर्चीवर ठेवलेला कोट!

तू रिपोर्ट बघितलास आणि ह्यांच्याकडे वळून म्हणालीस, “काका, सोडियम खूप उतरलंय. डोकं त्यामुळे चालत नाहीये, वयाचा काही संबंध नाही.” या औषधाने सोडियम उतरू शकतं हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पण मी विसरणार नाही ते यानंतरचं. हे म्हणाले, “हे औषध... नक्की...” आणि थांबले. उरलेलं वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं, ते तू एका नजरेने परत पाठवलंस. बाहेर रांग होती, तुझा फोन वाजत होता. तू नुसती बसून राहिलीस. बऱ्याच वेळाने शब्द आले, “...करतं काय?” तू म्हणालीस, “चांगला प्रश्न आहे,” आणि औषधाच्या कागदी पिशवीवर एकात एक दोन वर्तुळं काढलीस.

आतलं पेशीचं केंद्रक, बाहेर पेशीद्रव. मधल्या पडद्यावर शेकडो-हजारो छिद्रं. बारीकसारीक रेणू आपले आपण येतात-जातात, मोठ्या प्रथिनांना मात्र कुणीतरी न्यावं लागतं. बाहेर नेणाऱ्यांत मुख्य एक्सपोर्टिन-१. ज्या प्रथिनावर ‘बाहेर’ अशी खूण असेल, तेच तो उचलतो. ह्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. हे पटकन म्हणाले, “म्हणजे तिकीट बघून घेतो!” कितीतरी दिवसांनी मी ह्यांच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकलं.

मग तू पुढचं सांगितलंस. कॅन्सरच्या पेशींत हा एक्सपोर्टिन बऱ्याचदा फार माजतो. पी-५३ सारखी, बिघडलेल्या पेशीला आवरणारी प्रथिनं केंद्रकात राहून काम करायची, तर हा त्यांना बाहेर काढत राहतो. सेलिनेक्सॉर जाऊन बसतं ते थेट तिकीट तपासायच्या खाचेत. मग पी-५३ आतच राहतं आणि आपलं काम करतं. निरोगी पेशींनाही हीच वाहतूक लागते, म्हणून मळमळ, थकवा, प्लेटलेट उतरणं.

नंतर मी घरी वाचत बसले. (शाळेत विज्ञान शिकवायचे, खोड जात नाही.) याच खाचेत बसणारं लेप्टोमायसिन-बी जपानमध्ये मातीतल्या जिवाणूंपासून १९८०च्या दशकात मिळालं होतं. १९९०च्या दशकात ते पेशंटना देऊन पाहिलं, पण उलट्या आणि अन्नावरची वासना जाणं इतकं भयंकर की ते सोडून द्यावं लागलं. ते एकदा चिकटलं की सुटतच नाही. सेलिनेक्सॉर कालांतराने सुटतं. शॅरन शॅचम नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये या एकाच वाहतुकीवर औषध काढायला कंपनी उभी केली. त्यांच्या सेलिनेक्सॉरला अमेरिकेत मंजुरी मिळाली जुलै २०१९ मध्ये. ज्या चाचणीवर मिळाली, त्यातल्या १२२ जणांवर बहुतेक सगळे उपाय थकले होते. त्यांतल्या सुमारे २६ टक्क्यांना गुण आला. उरलेल्यांनीही त्याच गोळ्या घेतल्या, तीच मळमळ सोसली. त्यांनाही माझा नमस्कार.

डॉक्टरांशी बोलून तू डोस कमी करवलास, मळमळीवर ओलान्झापिन आणलंस. ती गोळी मानसिक आजारावरची आहे असं वाचून मी घाबरून फोन केला, तर हसली नाहीस. म्हणालीस, “हो, पण इथे ती मळमळ थांबवायला आणि भूक लागावी म्हणून आहे.” ह्यांना खायला काय आवडतं ते विचारून डॉक्टरांच्या संमतीने चिठ्ठी लिहून दिलीस: मीठ घातलेलं ताक, मऊ भात-मेतकूट, लिंबाचं लोणचं. या देशात कॅन्सरच्या कागदांना मेतकुटाची चिठ्ठी टाचलेली असेल तर ती आमच्याच फायलीत!

हुशार माणसं मला आयुष्यभर पुष्कळ भेटली, अजूनही भेटतात. अडखळणाऱ्या माणसासमोर घड्याळाकडे न बघणारी फार थोडी. तुला हे कॉलेजात शिकवलं असेल असं वाटत नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

हे पुन्हा शब्दकोडी सोडवतात, आणि आडवा शब्द अडला की मला ओरडून विचारतात. पेशंटकडून भेटी घ्यायच्या नाहीत हा तुमचा नियम ठाऊक आहे. म्हणून दिवाळीत चकल्यांचा डबा अख्ख्या विभागाच्या नावाने येईल. ह्यांनी त्यावर तिकीट चिकटवायचं ठरवलंय.

तुझी,
काकू