माझ्या कामातली माणसं

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "तिथे तुझं आपलं म्हणावं असं कुणी आहे का, की सगळ्या ओळखी नुसत्या मोबाईलवरच्या?" तेवढ्यात क्लायंटचा फोन आला आणि मी "आहेत हो" म्हणून विषय संपवला. पण तुमच्या आवाजातली काळजी मला कळली होती. आई तर काही बोललीच नाही, म्हणजे तिला जास्तच काळजी लागलेली असणार. म्हणून आज बसून सविस्तर लिहितेय.

आधी काम काय ते सांगते, कारण त्याशिवाय माणसांबद्दल सांगता येणार नाही. नातेवाइकांनी विचारलं की तुम्ही म्हणता, "ती फेसबुक, इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकते." ते खरंच आहे, पण ती पानं माझी नसतात, ज्या कंपन्या ती आमच्या एजन्सीकडे सोपवतात त्यांची, म्हणजे क्लायंटची असतात, आणि पोस्ट टाकणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. कुठल्या दिवशी काय जाणार ह्याचं महिन्याचं कॅलेंडर आधी बनतं. मग मजकूर, डिझाइन, क्लायंटचे बदल, बदलांवर बदल, अप्रूव्हल, शेड्यूल. पोस्ट गेली की खरी धावपळ सुरू होते. खाली येणाऱ्या कमेंट वाचायच्या, इनबॉक्समधल्या तक्रारींना उत्तरं द्यायची, कुठली तक्रार आत्ताच्या आत्ता वरपर्यंत पोचवायला हवी हे ओळखायचं, आणि कुणाला उत्तर न दिलेलंच बरं हेही ओळखायचं. लोकांना दिसतं ते एक चौकोनी चित्र आणि खाली दोन ओळी. बाकीचं फक्त हे काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. मला माझी माणसं मिळाली ती ह्या न दिसणाऱ्या भागात.

हे क्षेत्र किती कोवळं आहे बघा. फेसबुक २००४चं, ट्विटर २००६चं, इन्स्टाग्राम २०१०चं. दिवसभर सगळे जे दाबत असतात ते लाइकचं बटण फेसबुकवर आलं २००९ साली. बाबा, तुमच्या ऑफिसात तीस-तीस वर्षं काढलेली माणसं होती, काही अडलं की त्यांच्या टेबलापाशी जायचं. आमच्याकडे तसं कुणी नाही, असूच शकत नाही. माझ्यापेक्षा चार वर्षं आधी लागलेला माणूस इथे ज्येष्ठ समजला जातो. बरं, शिकलेलं टिकतही नाही. इन्स्टाग्रामवर २०१६ साली स्टोरी आल्या, २०२० साली रील आले, आणि दोन्ही वेळा आधीचे ठोकताळे मोडीत निघाले. एखाद्या सकाळी सगळ्या पानांचा रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचते तो आकडा, धपकन खाली आलेला असतो आणि ज्या कंपनीचं ते ॲप आहे ती चकार शब्द बोलत नाही. मग विचारायचं कुणाला? दुसऱ्या एजन्सीत हेच काम करणाऱ्याला. "तुमच्याकडेपण पडलाय का?" ह्या एका प्रश्नावरून आमच्यातल्या कितीतरी मैत्र्या जमल्या आहेत. तो सगळीकडे दिसणारा हॅशटॅगसुद्धा कुठल्या कंपनीने काढलेला नाही. २००७ साली ख्रिस मेसिना नावाच्या एका वापरकर्त्याने तो ट्विटरवर सुचवला, लोक आपापसांत वापरायला लागले आणि कंपनीने तो मागाहून स्वीकारला. आमच्या कामातलं बरंचसं शहाणपण असंच एकमेकांना सांगत सांगत तयार झालंय, आणि ते सांगणाऱ्याबद्दल मनात एक जिव्हाळा राहतो.

आता जिच्याबद्दल मला मुख्यतः सांगायचंय तिच्याकडे येते. ती आमच्या स्पर्धक एजन्सीत आहे. तिचे आणि माझे क्लायंट एकाच धंद्यातले. तिच्या पानाचं चांगलं झालं की मीटिंगमध्ये आम्हाला ते दाखवून विचारलं जातं, "आपल्याकडे असं का होत नाही?" आणि माझ्या पानाचं चांगलं झालं की तिकडे तिला. अशा दोघींची मैत्री व्हावी असं कुणालाच वाटणार नाही.

एका रात्री खूप उशिरा तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "बातमी बघितलीस? आधी शेड्यूल थांबव, मग बघ." मोठा अपघात झाला होता, माणसं गेली होती. आणि आमच्याकडे सकाळी सात वाजताची पोस्ट लावून ठेवलेली होती, रंगीत कागदांचे तुकडे उडतायत आणि वर मोठ्या अक्षरांत "चला, साजरं करूया!" लावून ठेवलेल्या पोस्टला जगात काय झालंय ते कळत नाही, ठरल्या वेळेला ती जाते म्हणजे जाते. मी लॅपटॉप उघडून एकेक पोस्ट थांबवत गेले. ती फोनवर होतीच. "स्टोरी बघितल्यास? जाहिराती? जाहिराती वेगळ्या थांबवाव्या लागतात, विसरू नकोस." सगळं थांबल्याची खात्री होईपर्यंत तिने फोन ठेवला नाही. सकाळी ती पोस्ट गेली असती तर लोकांनी आमच्या क्लायंटला सोलून काढलं असतं, आणि शेजारी तिचा क्लायंट आपोआपच उठून दिसला असता. त्यासाठी तिला काहीही करावं लागणार नव्हतं, नुसतं झोपून जायचं होतं. ती झोपली नाही. मग आम्ही दोघींनी मिळून आणखी काही जणांना उठवलं, त्यांनी पुढच्यांना. तेव्हापासून आमच्यात ठरूनच गेलंय, ज्याला आधी कळेल त्याने बाकीच्यांना फोन करायचा, एजन्सी कुठलीही असो.

तिचा आवाज मात्र मी त्याच्याही आधी पहिल्यांदा ऐकला, ४ ऑक्टोबर २०२१ला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम जवळजवळ सहा तास बंद पडली होती, तुम्हालाही आठवत असेल. देखभालीच्या कामात दिल्या गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचंच नेटवर्क बाकीच्या इंटरनेटपासून तुटलं होतं. क्लायंट विचारून विचारून हैराण, आणि आमच्या हातात काहीच नाही. तिचा नंबर माझ्याकडे कितीतरी महिने होता, व्हॉट्सॲपसाठी सेव्ह केलेला. रोज लिहायचो एकमेकींना. पण तो नंबर लावून बोलावं असं दोघींनाही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी लावला. कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. मग ती म्हणाली, "ठेवू नकोस ना, मी हॉस्पिटलमध्ये बसलेय." तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवसापर्यंत ती मला हसऱ्या चेहऱ्यांचे मेसेज पाठवत होती आणि मला त्यातून काहीच कळलं नव्हतं. लिहिलेल्यात माणूस किती लपू शकतो ते मला तेव्हा कळलं, आणि म्हणून आई, तुला मी सारखी सांगते की मेसेज नको, फोन कर.

बाबा, तुम्हाला जी भीती वाटते ती उगाच नाही, हेही सांगायला हवं. इथे गोड बोलणं हे चलन आहे. एखाद्याची पोस्ट आली की खाली "कमाल!", "काय सुंदर!" अशी रांग लागते, आणि त्यातल्या निम्म्यांनी ती पुरती वाचलेलीही नसते. काही ठिकाणी तर ठरवून गट केलेले असतात. गटातल्या कुणीही पोस्ट टाकली की बाकीच्यांनी लगेच लाइक आणि कमेंट करायची, म्हणजे ॲपला वाटतं की लोकांना हे फार आवडतंय आणि ते आणखी लोकांपुढे नेतं. मलाही अशा गटांत बोलावणं आलं, मी गेले नाही. त्यात गेलं की आपलं कौतुक कोण मनापासून करतंय आणि कोण पाळी आली म्हणून, ते कळेनासं होतं. माझ्या दृष्टीने ते नुकसान फार मोठं आहे, रीच वाढण्यापेक्षा कितीतरी मोठं. "आपण भेटू या, काहीतरी एकत्र करू या" म्हणणारेही पुष्कळ भेटतात, आणि आपल्याकडे फॉलोअर किती हे बघून आधी हिशेब मांडणारेही. अशांशी मी चांगलं वागते, पण घरचं बोलत नाही.

ज्याच्याशी घरचं बोलते असा एकजण माझ्याच ऑफिसात आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. आई, संध्याकाळी कधी कधी मी फोनवर गप्प असते आणि तू विचारतेस, "काही झालंय का?" त्या दिवशी बहुतेक वेळा कमेंट वाईट आलेल्या असतात. लोक रागावतात ते कंपनीवर, पण पडद्यामागे ते वाचायला माणूस बसलेला असतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. शिव्या, धमक्या, घरच्यांवरून बोलणं. त्यातलं काही मला तुझ्यापुढे उच्चारायचंही नाही, म्हणून मी गप्प राहते. आमचं तर काहीच नाही. सगळ्यात भयंकर व्हिडिओ बघून ते काढून टाकण्याचं काम करणारी माणसं असतात, त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला की अमेरिकेतल्या एका दाव्यात २०२० साली फेसबुकने अशा कामगारांसाठी ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. हे वाचल्यावर माझ्या शेजाऱ्याने एक पद्धत पाडली. एकाने तासभर कमेंट बघायच्या, मग उठायचं, आणि पुढचा तास दुसऱ्याने. तसा कुणाचा हुकूम नव्हता. माझा चेहरा बघून तो कितीदा तास पुरा व्हायच्या आधीच म्हणतो, "उठ तू, मी बघतो." मला त्याला काय वाचलं ते सांगावं लागत नाही, त्याने तेच वाचलेलं असतं. ह्या एका गोष्टीचा मला जो आधार आहे तो शब्दांत मांडता येत नाही.

नोकरीचं म्हणाल तर ती इथे पक्की नसते, हे तुमच्यापासून लपवत नाही. २०२२च्या नोव्हेंबरात ट्विटरने आपली जवळपास निम्मी माणसं काही दिवसांत कमी केली. मी आधी जिथे होते तिथे तर आमची पुरी टीम एका दुपारी बंद झाली, तेव्हा मी तुम्हाला नुसतं "नोकरी बदलतेय" एवढंच सांगितलं होतं. पुढची नोकरी मला ज्या बाईंमुळे कळली त्यांना मी तोवर फक्त कमेंटमधून ओळखत होते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिलंय की नोकरीची बातमी पुष्कळदा अशा अर्ध्यामुर्ध्या ओळखीतूनच येते, कारण जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. त्या बाई माझ्या मैत्रीण आहेत असं मी म्हणणार नाही, पण त्यांचे उपकार विसरणार नाही.

आणि ते हजारो फॉलोअर, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारता? ते क्लायंटच्या पानाचे, माझे नव्हेत. रॉबिन डनबर म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या अंदाजाप्रमाणे माणूस साधारण १५० जणांशीच खरा संबंध ठेवू शकतो आणि त्यातही अगदी आतले म्हणावेत असे पाचेक. माझे आतले पाच भरलेत, आई. त्यातले दोघं तुम्ही आहात, तिसरी ती, चौथा तो. पाचवी आमची डिझायनर, जिच्याशी मी दररोज रंगांवरून भांडते आणि ऑफिसातून निघते ती रोज तिच्याबरोबरच.

तिघांनाही तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे. पुढच्या वेळी घरी येताना त्यांतल्या दोघी बरोबर येणार आहेत, तो मात्र सुट्टी मिळाली तर. बाबा, तुम्ही त्यांना कामाचं हवं ते विचारा, मी देते त्यापेक्षा ते सरळ उत्तरं देतील.

तिघांची नावं आणि नंबर वेगळ्या कागदावर लिहून पत्रासोबत जोडलेत. ते आई, तुझ्या फोनजवळच्या वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून ठेव आणि बाबांच्या मोबाईलमध्येही घाल. मी उचलला नाही आणि काही निकडीचं असलं तर आधी तिला लावा. ती रात्री कितीही वाजता उचलते. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा.

तुमची,
लेक